उंट, एकबटणी, नग एक

जयपूरच्या शास्त्री नगरात एक कार्यालय आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांना तिथून खेळणी उसनी मिळतात. जगतपुऱ्यात राहणाऱ्या मालन सरवदे यांना आपल्या मुलीसाठी पंधरा दिवस एक उंट उसना हवा होता. एवढ्या कामाला साडेचार महिने लागले आणि त्या साडेचार महिन्यांत एकाही माणसाने नियमाबाहेर काही केलं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला उगाच वाटायचं, की कुणाचं तरी चुकलं.

मालनचे यजमान संभाजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. कुर्डुवाडीहून बदली होऊन जयपूरला आलेले. त्यांची मुलगी स्वानंदी सात वर्षांची. जन्मताना तिचा श्वास काही मिनिटं अडकला होता, तेवढ्याने हातपाय कायमचे ताठरले. बोलता येत नव्हतं, समजत मात्र सगळं होतं. आई खोटं बोलत असली तर फारच लवकर समजे. तिचा डावा तळहात तेवढा तिच्या ताब्यात होता. वर न्यायला वेळ लागे, पण खाली आदळायचा म्हटला की नेमका आदळे. ताटलीवर, उशीवर, संभाजीच्या पोटावर.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या विभा मॅडमनी तो हात पाहिला आणि म्हणाल्या, "हिला बटणाचं खेळणं द्या. खेळण्याच्या पोटातून वायर बाहेर काढलेली असते आणि तिला पुरीएवढं मोठं बटण जोडलेलं असतं. नुसता हात पडला तरी खेळणं चालतं. दुकानात नाही मिळायचं. शास्त्री नगरच्या केंद्रात मिळेल, उसनं."

जयपूरमध्ये खरा उंट हवा असेल तर दहा मिनिटांत मिळतो, आणि तो बसतो, उठतो, फोटोही काढू देतो. मालनला कापसाचा हवा होता, म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी बस बदलून शास्त्री नगरला गेली.

केंद्राच्या दारावर पाटी होती: विशेष बालक क्रीडा-साहित्य आदान-प्रदान केंद्र. नावात घेणं आधी होतं आणि देणं नंतर, आणि कामकाजही त्याच क्रमाने चाले. आत शिरल्यावर मालनला वाटलं, आपण चुकून सराफाच्या दुकानात आलो. भिंतीभर काचेची कपाटं, प्रत्येक कपाटाला कुलूप, आत लहान लहान दिवे. प्रत्येक खेळणं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक. खोलीत मूल एकही नव्हतं. तरी भिंतीवर लिहिलेलं होतं, 'कृपया आपल्या मुलांना आवरा.'

टेबलामागे इंदुमतीजी बसल्या होत्या. त्या केंद्राच्या भांडारपाल. कपाटांच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, आणि त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

बोलणं अर्थातच हिंदीतून झालं. पण मालनचं हिंदी कुर्डुवाडीचं असल्यामुळे ते मराठीत लिहिलं तरी फारसं बदलत नाही.

"तिसऱ्या फळीवरचा तो उंट पायजे," मालन म्हणाली.

"कोण नेणार?"

"मीच. माझ्या मुलीला खेळायला."

इंदुमतीजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "खेळायला नेताय?"

"मग खेळणं कशाला नेतात?"

या प्रश्नाचं उत्तर देणं भांडारपालाच्या अधिकारात बसत नसावं. "परीक्षितजींना भेटा," त्या म्हणाल्या.

परीक्षितजी केंद्राचे संचालक. अतिशय सौजन्याचा माणूस. नाही म्हणण्याआधी ते न चुकता पाणी विचारत, त्यामुळे त्यांच्याकडे जाणाऱ्यांना पाण्याचा ग्लास दिसला की पुढचं कळे. त्यांच्या खुर्चीमागे सोनेरी चौकटीत एक प्रशस्तिपत्र होतं: 'मोडतोड शून्य. सलग तीन वर्षे.'

"तीन वर्षांत तीनशे चाळीस वेळा खेळणी बाहेर गेली," परीक्षितजी म्हणाले. "एक मोडलं नाही. एकाला ओरखडा नाही. दुसऱ्या राज्यांतून लोक हे बघायला येतात."

"मुलं फार जपून खेळतात म्हणायची," मालन म्हणाली.

"पालक जपतात," परीक्षितजी म्हणाले. "पाणी घेणार?"

अर्ज अकरा पानी होता. पहिल्या तीन पानांत स्वानंदी जन्मली आहे हे सिद्ध करायचं होतं, पुढच्या तीनांत ती दिव्यांग आहे हे, आणि सातव्यात, ती उद्यापर्यंत बरी होणार नाही हे. सोलापूरच्या सरकारी दवाखान्याचा दाखला मालनकडे होता. तो मराठीत होता. इंदुमतीजींनी तो सरळ वाचला, कारण अक्षरं तीच. पण तो वाचता आला असं कागदावर लिहायची सोय नव्हती, म्हणून त्याचं हिंदी भाषांतर करून आणावं लागलं. भाषांतरात 'आहे'चं 'है' झालं. बाकी दाखला होता तसाच राहिला.

आठव्या पानावर अट होती, की बालकाने खेळण्याची इच्छा स्वतः लेखी कळवावी. लिहिता येत नसल्यास अंगठा.

मालन स्वानंदीला कडेवर घेऊन आली. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर टेकवला, आणि स्वानंदीचा हात जसा नेहमी जातो तसा गेला. कागदावर निळा धूमकेतू उमटला.

"अंगठा हलला," इंदुमतीजी म्हणाल्या.

"हलतोच तो. म्हणून तर आलोय."

"हललेला अंगठा चालत नाही."

"अहो ताई, न हलणारा अंगठा असता तर मी बाजारातलंच खेळणं घेतलं नसतं का?"

इंदुमतीजींनी मान डोलावली. मुद्दा त्यांना पटला होता, पण पटण्यासाठी अर्जात रकाना नव्हता. शेवटी असं ठरलं, की हा अंगठा आपोआप हलतो, कुणी हलवलेला नाही, असं दोन साक्षीदारांनी लिहून द्यावं. एक साक्षीदार संभाजी झाले. आपल्या पोटावर तो हात रोज पडतो, असं त्यांनी इमानदारीने लिहिलं. दुसरा, बाहेरचा रिक्षावाला.

मग दोन महिन्यांनी पात्रता समिती बसली. समितीचं काम दुहेरी होतं. बालकाला साधी खेळणी खेळता येत नाहीत हे आधी पाहायचं, कारण येत असतील तर विशेष खेळणं कशाला द्यायचं. आणि विशेष खेळणं खेळता येतं हेही पाहायचं, कारण येत नसेल तर ते फुकट गुंतून पडतं. म्हणजे मुलाने अगोदर नापास होऊन पास व्हायचं आणि लगेच पास होऊन पास व्हायचं.

पहिला भाग सोपा गेला. समोर भोवरा ठेवला. स्वानंदीने तो टेबलावरून खाली पाडला. "उत्तम," एक सदस्य म्हणाले आणि खूण केली.

दुसऱ्या भागासाठी इंदुमतीजींनी कुलूप उघडून उंट आणला. कापसाचा, तपकिरी, गळ्यात पितळेची घंटा, पाठीवर गोंड्यांची झूल. वायरीच्या टोकाला लाल बटण, खरंच पुरीएवढं. सगळं पिशवीत.

"पिशवी काढायची ना?" मालनने विचारलं.

"पिशवी काढली की खेळणं उघडलेलं धरतात," परीक्षितजी म्हणाले. "बाहेरून दाबू दे."

स्वानंदीने उंटाकडे पाहिलं. तिचा हात हळूहळू वर गेला, वर थांबला आणि बटणावर बरोबर पडला. उंट हलला नाही. तिने पुन्हा हात उचलला. पुन्हा काही नाही. असं सात वेळा झालं. मग ती उंटाकडे बघायची थांबली आणि परीक्षितजींकडे बघू लागली.

"यात सेल न्हाईत का?" मालन म्हणाली.

"सेल ही संपणारी वस्तू आहे," परीक्षितजींनी समजावलं. "खेळणं ही टिकणारी वस्तू आहे. दोन्ही एका कपाटात ठेवता येत नाहीत. संपणाऱ्या वस्तूंची मंजुरी वेगळी येते. यंदा आलेली नाही."

समितीने शेरा लिहिला: 'बालिकेने सात वेळा सहकार्य केले. उंटाने केले नाही. पात्र.'

असा तो उंट साडेचार महिन्यांनी पंधरा दिवसांसाठी मालनच्या हातात आला. सोबत सूचनांचा कागद होता. उन्हात ठेवू नये, दमट जागी ठेवू नये, धुळीपासून जपावे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. नववी सूचना ठळक अक्षरांत होती: ज्या स्थितीत नेले त्याच स्थितीत परत करावे.

इंदुमतीजी सही घेताना खालच्या आवाजात म्हणाल्या, "सगळे जण कपाटावर ठेवतात. मुलाला लांबून दाखवतात. पंधरा दिवसांनी पुसून आणून देतात. पुढच्या वेळी त्यांना लगेच मिळतं."

"म्हणजे खेळत कुणीच नाही?"

"मी फक्त सांगितलं," इंदुमतीजी म्हणाल्या, आणि किल्ल्या वाजवत आत गेल्या.

मालन घरी आली. उंट जमिनीवर ठेवला आणि बराच वेळ त्या पिशवीकडे बघत बसली. संभाजी ड्युटीवरून आले, तिने त्यांना इंदुमतीजींचं बोलणं सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य 'नाजूक आहे, जपून उतरवा' असे शिक्के मारण्यात गेलेलं. ते म्हणाले, "पंधरा दिवस तसाच ठेवायचा म्हणाली व्हय? मग त्यापरीस फोटो आणायचा की."

"परत नेताना काय सांगायचं?"

"पार्सल फोडल्याबिगर माल मिळत न्हाई, असं सांग." त्यांनी पिशवी फाडली आणि भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून उंटात घातले.

स्वानंदीला मांडीवर घेऊन मालन खाली बसली. हात वर गेला, थांबला, पडला. उंटाने मान हलवली, घंटा वाजली आणि तो चार पावलं चालून थांबला.

स्वानंदी हसली नाही. तिने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. दोघांचे हात रिकामे होते. तिने पुन्हा उंटाकडे पाहिलं. सात वर्षांत तिच्या आयुष्यात जे काही हललं ते दुसऱ्या कुणी हलवलेलं होतं. तिला उचललं जाई, वळवलं जाई, भरवलं जाई, झोपवलं जाई. चांगल्या हातांनी, पण दुसऱ्यांच्या. तिने पुन्हा हात उचलला, या वेळी जरा घाईने. उंट चार पावलं चालला. मग ती अशी हसायला लागली, की शेजारच्या फ्लॅटमधले भैया विचारायला आले, सगळं ठीक आहे ना म्हणून.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात उंटाचं राज्य होतं. स्वानंदी त्याला जेवताना चालवी, व्यायाम करताना चालवी, आईने कंगवा हातात घेतला की मुद्दाम चालवी. आईला हाक मारायची तर घंटा वाजवायची, हेही तिला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि सातव्या दिवशी मालनलाही कळलं की आता आपली सुटका नाही. बटणाचा लाल रंग मधोमध उडाला. उंटाचे गुडघे फरशीवर घासून पांढरे पडले. मदारीवर आमटी सांडली. ती धुतल्यावर डागाचा आकार बराचसा राजस्थानसारखा दिसू लागला, म्हणून संभाजी म्हणाले राहू दे.

सोळाव्या दिवशी मालनने उंट परत नेला. इंदुमतीजींनी तो उलटासुलटा करून पाहिला. बटणावरून बोट फिरवलं. मग आत जाऊन परीक्षितजींना घेऊन आल्या.

परीक्षितजींनी गुडघे पाहिले, मदार पाहिली. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. "खेळणं खेळलं गेलंय," ते म्हणाले.

"मोडलेलं न्हाई," मालन म्हणाली. "चालतंय. दाबून बघा की."

"मोडलं असतं तर 'मोडलं' लिहिता आलं असतं. हा प्रकार आमच्याकडे कधी झालेलाच नाही. पुढच्या महिन्यात बाहेरचं शिष्टमंडळ येणार आहे." त्यांनी ग्लास पुढे सरकवला. "पाणी घेणार?"

आठ दिवसांनी पत्र आलं. मालनच्या नावे नाही. सभासद स्वानंदी होती, म्हणून स्वानंदीच्या नावे. 'आपण केंद्राच्या खेळण्याशी खेळल्याचे सकृद्दर्शनी आढळून आले आहे. आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांच्या आत समक्ष अथवा लेखी करावा.' मालनने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. स्वानंदीने हात आदळला. तोच तिचा खुलासा होता, पण पोस्टाने पाठवता येण्यासारखा नव्हता.

जगतपुऱ्यातल्या मराठी लोकांचा व्हॉट्सअॅपवर एक गट आहे. रेल्वेवाले, लष्करातले, कॉलेजात शिकवणारे. सगळे मिळून दोनशे चौदा. गट सुहासिनीताई चालवतात. कर्नलसाहेबांच्या पत्नी, हळदीकुंकवाला पुढे, कुणाच्या दुःखालाही पुढे. त्यांनी मालनकडून त्या पत्राचा फोटो घेऊन गटावर टाकला आणि अर्ध्या तासात गट पेटला. कुणी लिहिलं, लाज वाटली पाहिजे. कुणी लिहिलं, ही आपली व्यवस्था. एका निवृत्त सुभेदारांनी इतकं लांब लिहिलं की ते तीन तुकड्यांत आलं. निषेधाचा मसुदा झाला, त्याखाली दोनशे चौदाच्या दोनशे चौदा जणांनी नावं घातली. त्यात मालनचंही होतं, गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. वाचताना मालनचे डोळे भरून आले. परमुलखात एवढी माणसं आपल्या पाठीशी आहेत, हे तिला ठाऊकच नव्हतं.

निषेध केंद्रात पोचला आणि त्याला आवक क्रमांक मिळाला. स्वानंदीवरची चौकशी ठरल्याप्रमाणे झाली. नियम असा होता, की घटना जिथे घडली तिथे जाऊन, ज्या वस्तूबाबत घडली ती वस्तू सोबत नेऊन, प्रात्यक्षिक पाहावं. म्हणून एका दुपारी इंदुमतीजी हातात फाइल आणि काखेत उंट घेऊन जगतपुऱ्याला आल्या.

त्यांनी चहा नाकारला. चौकशीत चहा चालत नाही. खुर्चीवर बसून त्यांनी नमुना काढला.

"खेळण्याचं ठिकाण?"

"हीच खोली."

"वेळ?"

"जागी असेल तेवढा."

"खेळगड्याचं नाव?"

मालनने स्वानंदीकडे पाहिलं.

"कोणाबरोबर खेळली ती?" इंदुमतीजींनी सोपं करून विचारलं.

"कुणी न्हाई. एकटीच."

"हा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मग निरंक लिहा."

"निरंक संख्येच्या रकान्यात चालतं. नावाच्या रकान्यात नाव लागतं." इंदुमतीजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली सोसायटीच्या आवारात आठ-दहा मुलं सायकली फिरवत होती. "ही मुलं येत नाहीत?"

"एकदा आली होती," मालन म्हणाली. "मग एकीची आई म्हणाली, आमची लहान आहे, घाबरते. दुसरीची ट्यूशन असते. कुणी वाईट न्हाई हो. भेटले की सगळे हिची चौकशी करतात. जुनी खेळणी आणून देतात पिशव्या भरभरून. मुलं तेवढी आणत न्हाईत."

इंदुमतीजींनी रकान्यावर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता, आणि एकाही रकान्यात खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी पेनला टोपण लावलं. किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून खुर्चीवर ठेवला. मग एक हात भिंतीला आणि एक गुडघ्याला लावत, विव्हळत, त्या खाली फरशीवर बसल्या.

"चल," त्या स्वानंदीला म्हणाल्या. "दाब."

उंट चार पावलं चालत इंदुमतीजींकडे आला. त्यांनी तो वळवून ठेवला. स्वानंदीने दाबलं, उंट तिच्याकडे परत गेला. मालनने वळवला. असं चार-पाच वेळा झाल्यावर स्वानंदीने एक नवीन गोष्ट शोधून काढली. इंदुमतीजी वळवण्यासाठी हात पुढे करीत, त्याच क्षणी ती बटण दाबी, आणि उंट त्यांच्या बोटांतून निसटून भलतीकडे जाई. पहिल्यांदा इंदुमतीजींना वाटलं चुकून झालं. दुसऱ्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"ही मला फसवतेय," त्या मालनला म्हणाल्या.

"व्हय," मालन म्हणाली. तिलाही ते आत्ताच कळत होतं. उंटाला फसवता येत नाही, आई-बाप फसायला वेळेवर रिकामे नसतात. फसवायला समोर दुसरं माणूस लागतं.

पुढची चाळीस मिनिटं शासकीय चौकशी अशी चालली, की इंदुमतीजी हुलकावणी देत आणि स्वानंदी ती ओळखत असे. दोघींपैकी कोण जास्त हसत होतं हे अहवालात नाही. निघताना इंदुमतीजींनी चहा घेतला आणि खेळगड्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

अहवाल वाचून परीक्षितजींनी इंदुमतीजींना मेमो दिला: कामाच्या वेळेत खेळणे. इंदुमतीजींनी उत्तर दिलं, रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. परीक्षितजींनी ते उत्तर फायलीला लावलं, कारण ते खरं होतं. स्वानंदीचं सभासदत्व मात्र रद्द झालं. राहता राहिला उंट. वापरलेला असल्यामुळे तो पुन्हा कुणाला देता येईना, आणि मोडला नसल्यामुळे मोडीत काढता येईना. शिष्टमंडळ आठवड्यावर आलं होतं आणि पांढऱ्या गुडघ्यांचा उंट टेबलाखाली किती दिवस लपवणार?

नियमावली इंदुमतीजींना पाठ होती. त्यांनी एक टिपणी लिहिली: 'सदर वस्तूची योग्य त्या ठिकाणी विल्हेवाट लावण्यास मंजुरी मिळावी.' परीक्षितजींनी सुटकेचा श्वास टाकून सही केली. विल्हेवाटीचं ठिकाण इंदुमतीजींनी नंतर भरलं: जगतपुरा, दुसरा मजला, सरवदे यांचे घर. शिष्टमंडळ आलं तेव्हा कपाटं चकाकत होती, मोडतोड शून्य होती, आणि सलग चौथ्या वर्षाची चौकट मागवून ठेवलेली होती.

उंट कायमचा घरी आला त्या दिवशी मालनने आयुष्यात पहिल्यांदा त्या गटावर स्वतःहून काही लिहिलं. दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. 'तुमच्या सगळ्यांच्या आशीर्वादाने उंट मिळाला. स्वानंदीला आता दुसऱ्याशी खेळता येतं. रविवारी पाच ते सात आम्ही घरीच आहोत. मुलांना पाठवा. थोडाच वेळ पाठवली तरी चालेल. पोहे करते.'

उत्तरं भराभर आली. एक्काहत्तर जणांनी हात जोडले. चाळीस जणांनी लाल बदाम पाठवले. सुभेदारांनी आईच्या जिद्दीवर पुन्हा तीन तुकडे लिहिले. 'नक्की', 'किती छान', 'परीक्षा झाल्या की', 'या रविवारी बर्थडे आहे, पण पुढच्या', 'आमची परी फार दंगेखोर आहे हो, स्वानंदीला लागायचं काही'. सुहासिनीताईंनी लिहिलं, 'मालन, तू आम्हा सर्वांची प्रेरणा आहेस', आणि त्याला सत्तावन्न अंगठे मिळाले. एकही हललेला नव्हता.

रविवारी मालनने मोठं पातेलं भरून पोहे केले. पाच वाजले, साडेपाच वाजले. खाली आवारात सायकली फिरत होत्या. सहाला बेल वाजली. दारात इंदुमतीजी उभ्या होत्या. दोन बस बदलून आल्या होत्या, सुट्टीच्या दिवशी, गुडघ्याला पट्टा बांधून. त्या निषेधाखाली त्यांचं नाव नव्हतं, कारण निषेध त्यांच्याच केंद्राविरुद्ध होता. स्वानंदीने त्यांना पाहिलं आणि लगेच हात उचलला. पोहे उरले, ते सोमवारी संभाजींनी डब्यात नेले.

तुम्हीही हे इथवर वाचलंत. परीक्षितजींच्या पाण्याला हसलात, अंगठ्यापाशी चिडलात, उंट चालला तेव्हा कदाचित डोळेही पुसलेत. त्याबद्दल सरवदे कुटुंब आभारी आहे. निषेधाच्या यादीत तुमचं नाव दोनशे पंधरावं घातलं आहे. जगतपुरा तुम्हाला लांब पडतं, हे मान्य. तुमच्याच जिन्यात ज्या दारासमोरून मुलाचा हात जरा घट्ट धरून तुम्ही रोज खाली उतरता, ते किती लांब पडतं, तेवढं सवडीने कळवा. समक्ष अथवा लेखी.